मेपल सिरप, लाल भोपळा आणि आमच्या घरातली शुगर



गेल्या महिन्यात दवाखान्यात एक काका आले. पिशवीतून त्यांनी एक काचेची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. मुलाने कॅनडातून आणलेलं मेपल सिरप. काका म्हणाले, "डॉक्टर, हा झाडाचा रस आहे, साखर नाही. म्हणून हल्ली चहात हेच घालतो. डायबेटीसला चालतं ना?"

मी बाटली हातात घेतली आणि जरा वेळ काही बोललेच नाही. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात उभा राहिला होता आणि मी, डॉक्टर असूनही, त्याकडे लक्ष द्यायला उशीर केला होता. त्या उशिराची किंमत माझ्या यजमानांच्या पायाने मोजली. आज ती गोष्ट सांगते, कारण परदेशातल्या मुलांकडे जाणारे आईवडील आता आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

भोपळ्यांच्या देशात

आमची मुलगी कॅनडात ओंटारिओमध्ये राहते. आम्ही दोघं सप्टेंबरात तिच्याकडे गेलो. ऑक्टोबर लागला आणि जिकडेतिकडे भोपळेच भोपळे दिसू लागले. दुकानांच्या बाहेर ढीग, घरांच्या पायऱ्यांवर भोपळे. तिथला थँक्सगिव्हिंगचा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि महिनाअखेर हॅलोविन. नातवाला घेऊन आम्ही एका शेतावर गेलो. तिथे आपणच वेलावरून भोपळा तोडून आणायचा. आमचे हे मूळचे सांगलीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. भोपळ्यावर टिचकी मारून "हा पक्का झालाय" असं सांगू लागले, तेव्हा नातू त्यांच्याकडे जादूगाराकडे बघावं तसा बघत होता.

त्याच शेतावरच्या दुकानात मेपल सिरप होतं. मेपलच्या झाडाचा रस काढायचा हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. रात्री पाणी गोठेल अशी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतकी ऊब असली, की खोडाला पाडलेल्या भोकातून रस ठिबकतो. रस पाण्यासारखा पातळ असतो, त्यात साखर जेमतेम २ टक्के. तो उकळून उकळून आटवायचा. साधारण ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप होतं. ही विद्या तिथल्या मूळ रहिवाशांची. युरोपातून आलेल्या लोकांनी ती त्यांच्याकडून घेतली. आज जगातलं ७० टक्क्यांहून जास्त मेपल सिरप एकट्या क्युबेक प्रांतात होतं.

दुकानातले फोटो बघून हे एकदम खूश झाले. "अगं, हे तर आपलं गुऱ्हाळ! आणि ही काकवी!"

उपमा अगदी बरोबर होती. फक्त पुढचा विचार कुणी केला नाही. काकवी डायबेटीसवाल्याने वाटीभर खाऊ नये, हे यांना पक्कं ठाऊक होतं. पण मेपलची बाटली परदेशी, तिच्यावर सुंदर पान, "शुद्ध" असं लिहिलेलं आणि देणारी आपली लेक.

रोज सकाळी दोन तुकडे

मुलगी हौशी. तिने आमच्यासाठी पम्पकिन ब्रेड करायला सुरुवात केली. नाव ब्रेड, पण असतो तो केकच. "बाबांना साखर चालत नाही, म्हणून मी साखर अजिबात घातलेली नाही. सगळा गोडवा मेपल सिरपचा," असं तिने पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितलं. घरभर दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंगेचा वास. हे रोज सकाळी दोन तुकडे खात. वरून चमचाभर सिरपची धार.

मला त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण लेकीच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले. मनात म्हटलं, चार दिवसांची मजा आहे. ते चार दिवस दीड महिना चालले.

आता जो हिशेब मी तेव्हा केला नाही, तो इथे मांडते.

मुलीच्या कृतीत एका केकला १ कप सिरप होतं. १ कप सिरपमध्ये सुमारे १९० ग्रॅम साखर असते. शिवाय २ कप मैदा, म्हणजे आणखी १९० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. केकचे दहा तुकडे केले, तर एका तुकड्यात भोपळ्यासकट सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं. दोन तुकडे ८० ग्रॅम. वरच्या मोठ्या चमचाभर सिरपमध्ये आणखी १२ ग्रॅम. नाश्त्यालाच ९० च्या वर! आपल्या मध्यम आकाराच्या एका पोळीत १५ ते २० ग्रॅम असतात. म्हणजे माझा नवरा रोज सकाळी पाच पोळ्यांएवढी कर्बोदकं खात होता, आणि त्यातली निम्मी निव्वळ साखर.

परदेशातलं मीटर

"मग शुगर तपासत नव्हतात का?" असं तुम्ही विचाराल. तपासत होतो. इथेच खरी गंमत झाली, आणि ती मुळीच गमतीची नव्हती.

इथून नेलेल्या मीटरच्या पट्ट्या संपल्या. मुलीने तिथलं मीटर आणून दिलं. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, कॅनडात मिलिमोलमध्ये. आपल्याकडचे १४० म्हणजे तिथले ७.८. हे बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांचे पक्के. रोज सकाळी उपाशीपोटी तपासून डायरीत लिहीत. पहिल्या आठवड्यात ७.८. पुढे ९.४. मग ११. मग १३.२.

मी एकदोनदा विचारलं, "शुगर बरी आहे ना?" तर उत्तर, "अगं, सातवर होती, आता तेरावर आहे. पाचसहाचा फरक. चालायचंच."

पाचसहाचा फरक! तिथल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. १३.२ गुणिले १८ म्हणजे २३८. इथे सकाळी उपाशीपोटी २३८ आली असती, तर यांनी स्वतःच घर डोक्यावर घेतलं असतं. डायरी फ्रिजवरच ठेवलेली असायची. मी रोज तिच्यासमोरून जात होते आणि एकदाही उघडून बघितली नाही. पेशंटला "डायरी दाखवा" म्हटल्याशिवाय मी पुढची गोळी लिहीत नाही. घरच्या माणसाची डायरी मात्र राहून गेली.

रात्री तीनतीनदा उठणं, सतत तहान, हे सगळं मी थंडीवर आणि हिटरच्या कोरड्या हवेवर ढकललं.

मोजा काढला तेव्हा

नोव्हेंबरात एका संध्याकाळी नातू म्हणाला, "आज्जी, आजोबांच्या सॉक्सला लाल लागलंय."

बर्फासाठी घेतलेले नवे बूट करंगळीला घासत होते. फोड आला होता, फुटला होता, त्याची जखम झाली होती. यांना काहीच कळलं नव्हतं, कारण दुखतच नव्हतं. चौदा वर्षांच्या डायबेटीसने पायातल्या नसांची संवेदना कमी केलेली. जखमेच्या कडा लाल होत्या, बोट सुजलेलं. मी गुडघ्यावर बसून तो पाय हातात घेतला, तेव्हा माझे हात थरथरत होते. अशा जखमेतून बोट गमावलेले पेशंट मी पाहिलेले आहेत. एकाचा तर गुडघ्याखाली पाय गेला होता.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये गेलो. जखम साफ केली, अँटिबायोटिक सुरू झालं, त्या पायावर भार न देण्याची सक्त सूचना मिळाली. निघण्यापूर्वी एचबीए१सी ७.१ होतं, ते ८.६ झालं होतं. परदेशी आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या जुन्या आजारांचा खर्च विमा देतोच असं नाही. तो अनुभवही पदरी पडला.

घरी आल्यावर मुलगी स्वयंपाकघरात एकटीच रडत होती. "आई, मी बाबांना काय खायला घातलं गं!" मी तिला जवळ घेतलं आणि खरं ते सांगितलं. तू चुकलीस कारण तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही.

भोपळ्याला उगाच शिक्षा

पुढची गोष्ट ऐका. दुसऱ्या दिवसापासून यांनी भोपळा बंद केला! "भोपळा गोड असतो, त्यानेच शुगर वाढली." मुलीने प्रेमाने केलेलं भोपळ्याचं सूपही नको. आणि ओट्सवर सिरप? ते चालूच. "ते नैसर्गिक आहे ना!"

माझ्या दवाखान्यातही हेच ऐकते. डायबेटीसवाले लाल भोपळा टाळतात आणि गूळ, मध, काकवी खातात. हे अगदी उलटं आहे.

१०० ग्रॅम कच्च्या भोपळ्यात साधारण २६ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम कर्बोदकं असतात. बाकी बहुतेक पाणी. ज्या केशरी रंगामुळे तो गोड वाटतो, तो बीटा कॅरोटीनचा रंग. त्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. ते नीट शोषलं जायला थोडं तेल लागतं, म्हणून फोडणीची भाजी उत्तमच. भोपळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स जास्त आहे असं कुठेतरी वाचून लोक घाबरतात. पण वाटीभर भाजीत मुळात कर्बोदकंच इतकी कमी, की प्रत्यक्षात शुगरवर भार थोडाच पडतो. त्यात साखर-गूळ ओतला की मात्र गोष्ट बदलते.

आता सिरप. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, सुमारे ५२ कॅलरी आणि १२ ग्रॅम साखर. ही साखर बहुतांश सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर. सिरपमध्ये मँगनीज आणि थोडं रायबोफ्लेविन असतं, हे खरं. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स साखरेपेक्षा थोडा कमी आहे, हेही खरं. पण म्हणून ते औषध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध, सिरप, फळांचे रस यांतली साखर वरून घातलेल्या साखरेसारखीच धरतात. ती रोजच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, असेल तर अधिक चांगलं. दोन मोठे चमचे सिरप घेतलं की हे २५ ग्रॅम झालेच. आणि हे निरोगी माणसाचं माप आहे.

मग आम्ही काय केलं?

सिरप फेकून दिलं नाही. मोजायला लागलो. मायलेकींनी बसून केकची कृती बदलली. चार प्रयोग फसले, एक तर नातवानेही खाल्ला नाही. शेवटी जमलं ते असं:

- लाल भोपळ्याचा वाफवून, पाणी निथळून केलेला गर १ कप
- कणीक दीड कप (मैदा नाही)
- घट्ट दही अर्धा कप, तेल पाव कप, अंडी २
- मेपल सिरप पाव कप
- अक्रोडाचे तुकडे अर्धा कप
- खाण्याचा सोडा १ लहान चमचा, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ
- दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग यांची पूड मिळून दीड लहान चमचा

ओले जिन्नस एकत्र घुसळायचे, कोरडे वेगळे मिसळायचे, मग दोन्ही हलक्या हाताने एकत्र करायचे. फार फेटलं तर केक चिवट होतो. ओव्हन १७५ अंशांवर, ४५ ते ५० मिनिटं. सिरपमुळे वरची बाजू लवकर लाल होते, तेव्हा शेवटी लक्ष ठेवा. बारा तुकडे करायचे. एका तुकड्यात १७-१८ ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे एका पोळीएवढी. यांच्यासाठी नियम असा, की एक तुकडा खाल्ला तर त्या वेळी एक पोळी कमी.

एक युक्ती सांगते. पाव कपातलं एक चमचा सिरप बाजूला ठेवा आणि केक गरम असतानाच वरून ब्रशने लावा. जिभेला आधी तीच चव लागते, त्यामुळे आतला कमी गोडवा जाणवत नाही.

डब्यातला गर वापरणार असाल तर लेबल वाचा. नुसता भोपळ्याचा गर असलेला डबा वेगळा आणि पायसाठीचं तयार सारण वेगळं. सारणात साखर आधीच असते. तसंच, स्वस्त पॅनकेक सिरप म्हणजे मेपल सिरप नव्हे. ते बहुधा मक्याच्या सिरपला वास लावून केलेलं असतं.

मेथीची गंमत

यांना मात्र शेवटी सगळ्यात आवडली ती आपलीच मेथीदाण्याच्या फोडणीची भोपळ्याची भाजी. त्यात गुळाऐवजी लहान चमचाभर सिरप, उतरवताना घातलेलं. ती खाताना हे म्हणाले, "दोन्हींचा वास जुळतो गं." मी हसले, कारण त्यामागे विज्ञान आहे. मेपल सिरपच्या आणि मेथीच्या वासात सोटोलोन नावाचं एकच द्रव्य असतं. न्यूयॉर्क शहरात काही वर्षं अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरायचे. २००९ मध्ये शोध लागला, की शेजारच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती!

याच वासाचं नाव असलेला एक आजारही आहे, मेपल सिरप युरिन डिसीज. हा जन्मजात, दुर्मीळ आजार आहे. सिरप खाल्ल्याने तो होत नाही. बाळाच्या लघवीला तसा वास येतो, म्हणून हे नाव पडलं. बाळंतिणीने मेथी खाल्ली तरी बाळाला तसा वास येऊ शकतो. म्हणून असा वास आला तर बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि आई मेथीचे लाडू खाते हेही सांगा. पण बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर लाडवांना दोष देत घरी बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या.

हे लक्षात ठेवा

- परदेशात मीटर बदललं तर आधी त्यावरचं एकक बघा. मिलिमोल असेल तर १८ ने गुणा. शक्यतो इथूनच पुरेशा पट्ट्या न्या.
- डायबेटीस असेल तर रोज रात्री पाय बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा घरच्यांना सांगा. नवे बूट आधी घरात थोडा थोडा वेळ घाला.
- शुगर एकदम कमी झाली तर मोठा चमचाभर सिरप उपयोगी पडतं. पण व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोजची गोळी चालू असेल तर साखर किंवा सिरप लवकर काम करत नाही. अशांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी.
- किडनीचा आजार असेल तर भोपळा किती खायचा ते डॉक्टरांना विचारा. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं.
- भोपळा कडू लागला तर एक घासही गिळू नका. कडवटपणा शिजवून जात नाही आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात.
- दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सिरप, गूळ, साखर काहीच लागत नाही. भोपळ्याचा नुसता गर त्याला पुरेसा गोड लागतो.

यांची जखम भरायला सात आठवडे लागले. बोट वाचलं. करंगळीवर आता एक पांढुरका वण आहे आणि रोज रात्री मी स्वतः त्यांचे दोन्ही पाय बघते. मुलगी दर ऑक्टोबरात केक करते आणि व्हिडिओ कॉलवर दाखवते. "आई, पाव कपच घातलंय हं," असं न विचारता सांगते.

आणि ते बाटलीवाले काका? त्यांना मी म्हटलं, "काका, ही काकवीच आहे, फक्त झाड वेगळं." काका खट्टू झाले. "मुलाने एवढ्या लांबून आणलंय हो." मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: चहात नाही. आठवड्यातून दोनदा, भोपळ्याच्या भाजीत, लहान चमचाभर. आणि डायरी घेऊन पुढच्या महिन्यात यायचं. त्यांनी बूट काढून पाय दाखवले, तेव्हा मला बरं वाटलं.

तुमच्याकडेही अशी एखादी बाटली आली असेल. देणाऱ्याचं मन मोडू नका, पण चमचा लहान ठेवा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी शुगर तपासून बघा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या गोळ्या, इन्सुलिन किंवा आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.)